एक जूनची मुलं

बुधवारी, तेरा फेब्रुवारी एक्याण्णवला, सकाळी सव्वासातला परशू मास्तर मारुतीच्या दारात आले आणि सायकलवरून न उतरताच म्हणाले, "केशरचा कागद तेवढा आला नाही."

केशरची आई, विमल, उंबऱ्याबाहेर सडा घालत होती. तिनं बादली खाली ठेवली, पदर डोक्यावर ओढला.

"एकोणीस आले," मास्तर म्हणाले. "चिठ्ठ्या टाकून चोवीस नावं निघाली होती. चार पोरं आईबापांबरोबर गोव्याकडं कामाला गेली, ती शिमग्याशिवाय यायची नाहीत. उरली वीस. विसाच्या खाली गेलं की आपली शाळा परीक्षेतून बाद. उद्या अकराला पेपर आहे. पेपर घ्यायला बंगळूरच्या बाई साडेनऊलाच येतात."

"केशरचं बाबा वखारीत गेल्यात. दुपारी जेवायला येतील."

"आठ दिवस झाले, ते रोजच जेवायला येतात."

मास्तरांनी एक पाय जमिनीवर टेकला.

"हे बघा, यात पास-नापास नाही. मार्कसुद्धा आपल्याला कळणार नाहीत. नावाच्या जागी नंबर. पण हाच पेपर ह्याच दिवसांत वीस देशांतली तेरा वर्षांची मुलं सोडवणार आहेत. अख्ख्या तालुक्यातनं एकच शाळा निघाली, ती आपली."

"तिच्या जागी दुसरी कुणी बसली तर?"

"बदली चालत नाही," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी आठवड्यात इतक्या दारांत म्हटलं होतं, की ते आता एखाद्या म्हणीसारखं बाहेर पडत होतं. "जिची चिठ्ठी निघाली तिनंच बसायचं. तिच्याहून हुशार नको आणि तिच्याहून ढ पण नको."

सायकल बेळगाव रस्त्याच्या दिशेनं गेली. विमलनं उरलेला सडा घातला आणि आत येऊन फळीवरच्या पितळी डब्याकडं पाहिलं.

डब्याखाली दोन कागद होते. एक मास्तरांचा, छापील. त्यावर केशरचं नाव, खाली जन्मतारीख १ जून १९७७, आणि त्याखाली एक ओळ: वरील तारीख बरोबर असल्याचे पालकाने सही करून कळवावे. दुसरा कागद थोरल्या दिरानं, बाबुरावांनी, काल संध्याकाळी आणून ठेवला होता. तो स्टॅम्पपेपर होता, खानापुरातल्या वकिलाकडून टाइप करून आणलेला. त्यात केशर १ जानेवारी १९७३ रोजी जन्मली होती आणि अठरा वर्षं पुरी करून लग्नाला योग्य झाली होती. दोन्ही कागदांवर सही मारुतीचीच हवी होती.

दोन्ही तारखा खोट्या आहेत हे घरात सगळ्यांना माहीत होतं. एवढंच की आजवर त्या कधी एका डब्याखाली आल्या नव्हत्या.

पहिली तारीख शाळेनं दिलेली. धरणात गाव गेलं, घरं उठली, सगळे इथं रामनगरला प्लॉटांवर आले, तेव्हा केशर आठव्या वर्षात होती आणि तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पहिलीत घालताना मास्तरांनी विचारलं, जन्म कधीचा. मारुती म्हणाला, पावसातला. मास्तरांनी वर्गात बसणाऱ्या इतर पोरांच्या मापानं सहा वर्षं धरली आणि एक जून लिहिलं. त्या दिवशी ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांचं एक जूनच लिहिलं. बाबुरावांची सावित्री ऑक्टोबरातली, खरोखर सत्त्याहत्तरची. पण तिचीही तारीख एक जूनच. चुलत बहिणी एकाच दिवशी जन्मल्या म्हणून दोघी वर्षातून एकदा एकमेकींना गूळ भरवत.

दुसरी तारीख बाबुरावांनी दिलेली. रविवारी खानापूरचे पाहुणे केशरला बघून गेले. मुलगा वीजमंडळात लाइनमन, नोकरी कायम. मुलगी पसंत पडली. फक्त मुलाचे वडील उठता उठता म्हणाले, सरकारी नोकरी आहे, वयाचा कागद तेवढा शुक्रवारपर्यंत असू द्या, उद्या कुणी तक्रारीचा अर्ज केला तर पोराच्या पोटावर पाय येईल. बाबुराव म्हणाले, आणून देतो.

*

दुपारी साडेबाराला मारुती वखारीतून आला. अंगावर भुसा, कानावर पेन्सिल. बाबुराव दुकान मोठ्या मुलावर टाकून आधीच येऊन बसले होते. अनुसया चुलीपुढं भाकऱ्या भाजत होती. ती दोघा भावांची मधली बहीण. गुंदला सासरी राहते. पाहुणे तिच्याच सासरच्या नात्यातले म्हणून रविवारी आली ती राहिली होती.

"सही कर, मग जेव," बाबुराव म्हणाले.

"हात धुतो की."

"धू. आनि अनुसयाचा अंगठा बी लागतो खाली. जन्माला हजर असलेली बाई म्हनून."

विमलनं ताट वाढलं आणि ती चुलीकडं तोंड करून म्हणाली, "अक्का, अण्णास्नी म्हनावं, मास्तर आले हुते. उद्या पेपर हाय."

सतरा वर्षांच्या संसारात विमल थोरल्या दिराशी थेट बोलली नव्हती. माहेरी तिला तसं शिकवून पाठवलं होतं आणि सासरी कुणी तसं नको म्हटलं नव्हतं. सांगायचं ते ती अनुसयेला सांगे, नाहीतर मारुतीला, नाहीतर भिंतीला. एकदा घरात कुणीच नव्हतं तेव्हा तिनं मांजराला सांगितलं होतं की अण्णांच्या धोतराच्या सोग्याला विस्तव लागलाय. धोतर वाचलं होतं.

"ऐकलं मी," बाबुराव अनुसयेकडं बघत म्हणाले. "मास्तर माज्या दुकानात बी येऊन गेला. शाळेच्या त्या कागदावर पोरीच्या बापानं सत्त्याहत्तर म्हनून सही केली, आनि ह्यावर त्र्याहत्तर म्हनून केली, तर दोन्ही कागद कवातरी एकमेकाला भेटत्यात. तालुका केवढा हाय आपला? म्हनून म्हनतो, शाळेचा फाडून टाका."

"मग शाळा बाद व्हती म्हनं," मारुती म्हणाला.

"बाद कशी व्हईल? सावीला बसवू की. नंबरच हाय न्हवं, नाव कुठं हाय."

मारुतीनं भाकरी मोडली. त्याच्या उजव्या हाताला तर्जनी नव्हती. घास तो अंगठा आणि मधल्या बोटात धरी, पेनही तसंच.

"अण्णा," तो म्हणाला, "धरणावर तुला हिवताप झाला तवा तुज्या हजेरीवर सहा महिने मी काम केलं. बदली."

"केलंस. मुकादमाला कळलं का कवा?"

"न्हाई कळलं. म्हनून बोट माजं गेलं आनि कागदावर तुजं गेलं. अजून बी सरकारात तू नऊ बोटांचाच हाईस."

अनुसया तव्याकडं बघत हसली. बाबुरावही हसले, आपली दहा बोटं त्यांनी गुडघ्यावर पसरून पाहिली. हा विनोद घरात दर दिवाळीला होई. आज मात्र मारुती हसला नाही.

"त्या बोटाचं काय सांगतोस," बाबुराव म्हणाले. आवाज खाली आला. "गाव उठलं तवा कुनी धावाधाव केली? प्लॉट शेजारी-शेजारी मिळावं म्हनून जोयड्याच्या कचेरीत चपला कुनाच्या झिजल्या? मी पोरीचं वाईट करतोय असं वाटतंय काय तुमाला? एक शेत हुतं, गेलं. एक घर हुतं, गेलं. ह्या पोराची कायमची नोकरी हाय. नोकरी कुठलं धरन नेत न्हाई. म्हनून धडपडतोय मी."

हे खरं होतं, आणि विमललाही ते नाकारता आलं नसतं. वाढता वाढता तिच्या हातातला डाव थांबला. बाबुराव नसते तर आज ते सगळे तीन गावांत पांगले असते.

*

दुपारच्या सुटीत दोघी मुली आल्या. सावित्री पुढं, केशर मागं. केशरच्या हातात सायक्लोस्टाइल केलेला नमुन्याचा कागद होता, घड्या घालून घालून मऊ पडलेला.

"सावे, उद्या केशरच्या जागी, सतरा नंबरला, तू बसायचंस," बाबुरावांनी सांगितलं.

सावित्री क्षणभर खूश झाली. बाहेरून बाई येणार होत्या, जीप येणार होती, नवी पेन्सिल मिळणार होती. मग तिनं केशरकडं पाहिलं.

"मला ते जमत न्हाई, बाबा. नमुन्यातलंच जमलं न्हाई."

"पास-नापास न्हाई म्हनतोय मास्तर."

"मग ती बाई इचारील, सतरा नंबर एवढा ढ कसा?"

"कसलं अवघड हाय त्यात एवढं? वाच बघू."

सावित्रीनं वाचलं. एक भांडं तळाला अरुंद, वर रुंद. नळातून पाणी सारख्या धारेनं पडतं. पाण्याची पातळी कशी चढेल? खाली चार रेघा काढल्या होत्या. एक निवडायची होती. "मी म्हनलं सरळ रेघ. धार सारखी, तर चढनार बी सारखंच. सर म्हनाले, चूक."

"मग बरोबर काय?" हे मारुतीनं विचारलं. त्याचा घास हातातच होता.

"ही," केशर म्हणाली आणि कागद वडिलांपुढं धरला. "आधी उभी, मग वाकत गेलेली. बाबा, तुमी मला न्यायचा नव्हं पानी बघायला? पहिल्या पावसात नदीचं पात्र अरुंद, पानी भराभरा चढलं. चार दिसांत देवळाच्या पायऱ्या गेल्या. वर माळाला आलं तसं पसरलं. मग आपल्या फनसाच्या एका फांदीला म्हैनाभर लागला. तुमी खुना करत हुता खोडावर."

मारुतीनं कागदाकडं पाहिलं. त्यानं तेव्हा दर रविवारी कोयत्यानं फणसाच्या खोडावर खाचा केल्या होत्या. का, हे त्यालाही सांगता आलं नसतं. शेवटची खाच गेली तेव्हापासून तो परत गेला नव्हता. आता ती खाचांची रांग कुणीतरी रेघ करून कागदावर छापून पाठवली होती, आणि वीस देशांतल्या पोरांना तिचं उत्तर विचारत होतं.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "असंच चढलं."

"ते सगळं ठीक हाय," बाबुराव म्हणाले. "पन फनसाच्या खुना सांगून पोरगी उजवत न्हाई. अनुसया, तू आधी अंगठा लाव. तुजं बघून हा सही करील."

अनुसयेनं तवा उतरवला. पदराला हात पुसत ती पुढं येऊन बसली. "वाचून दाखीव, सावे. काय म्हनून अंगठा लावतेय ते कळू दे."

सावित्रीनं वाचलं. वकिलाची मराठी जड होती. ती अडखळत गेली. सदर मुलीचा जन्म दिनांक एक जानेवारी एकोणीसशे त्र्याहत्तर रोजी राहत्या घरी झाला असून, त्या समयी मी स्वतः हजर होते.

"पुन्हा वाच. कवा?"

"एक जानेवारी त्र्याहत्तर."

अनुसया बाबुरावांकडं बघत राहिली.

"दादा," ती म्हणाली, "त्या म्हैन्यात माजा मालक गेला."

बाबुरावांनी मान खाली घातली.

"जंगलतोडीच्या कुपात झाड पडलं अंगावर. तूच आला हुतास बैलगाडी घेऊन. म्हैनाभर कोपऱ्यात बसून हुते मी. त्यानंतर दोन वरसं मला कुनी कुनाच्या पोराला हात लावू दिला न्हाई, रांड बाई म्हनून. हिच्या येळंला ओढ्याला पूर आला, सुईन पलीकडं अडकली, दुसरी बाई घरात न्हवती, म्हनून माज्या हातात आलं हे पोर. पहिलं पोर. तू मला सांगतोस ते त्या म्हैन्यात झालं म्हनून अंगठा लाव?"

"अगं, तारीख काय, वकिलानं अठरा मागं मोजलं."

"मोजू दे त्याला. मी न्हाई लावनार."

बाहेर ट्रकानं गिअर बदलला. विमल ताट वाढायची थांबली होती. अनुसयेच्या बोलण्यातली एक गोष्ट तिच्या मनात अडकली होती आणि ती उलटसुलट करून बघत होती. मग तिनं डाव ताटात ठेवला, वळली आणि थोरल्या दिराकडं तोंड करून उभी राहिली.

"अण्णा," ती म्हणाली.

मारुतीनं मान वर केली. सावित्रीनं तर तोंडावर हात ठेवला.

"अक्कांचा मालक गेला म्हनून आमचं लगीन वरीसभर पुढं गेलं. चौऱ्याहत्तरच्या वैशाखात झालं. तुमीच अक्षता वाटल्या. आनि तुमचा कागद म्हनतोय, त्र्याहत्तरच्या जानेवारीत मी बाळंत झाले."

बाबुरावांनी स्टॅम्पपेपरकडं पाहिलं. मग विमलच्या चेहऱ्याकडं, बहुधा पहिल्यांदाच.

"तसा अर्थ न्हाई त्याचा."

"कागदाला दुसरा अर्थ नसतो. खानापूरकर अक्कांच्याच भावकीतले हाईत. अक्कांचा मालक कवा गेला ते त्यास्नी ठाऊक न्हाई व्हय? आज न्हाई मोजलं तर बारशाला मोजतील."

"तारीख पुढं घेता येईल."

"न्हाई येत, थोरले बाबा," केशर म्हणाली. ती बोटं न मोजता हिशेब करत होती. तो तिच्या डोळ्यांतच दिसत होता. "वैशाख चौऱ्याहत्तरला लगीन. कितीबी घाई केली तरी जन्म पंच्याहत्तरच्या माघात. म्हंजे आज सोळा. अठरा कुठूनच येत न्हाईत."

अनुसया फस्सकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. बाबुरावांना राग यायला हवा होता. त्यांच्या चेहऱ्यावर आली ती एखाद्या दुकानदाराची मुद्रा, ज्याच्या तराजूखालचं वजन गिऱ्हाइकानं उचलून दाखवलंय.

"बरं," ते म्हणाले. "माजा कागद खोटा. मग शाळेचा खरा हाय काय? सत्त्याहत्तर म्हनं. कशाच्या आधारानं?"

विमल आत गेली. ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या शालूखाली, मेणकापडात गुंडाळलेली एक पावती होती. तिनं ती आणून त्या दोन कागदांच्या शेजारी ठेवली. बुडीत घरांची पाहणी, घर क्रमांक ४१, दिनांक ११-९-७५, खाली कुणाची तरी कानडी सही. हाच आकडा तांबड्या रंगात त्यांच्या दारावरही होता. गाव सोडताना मारुतीनं दार चौकटीसकट काढून आणलं होतं आणि इथं बसवलं होतं. रंग आता विटला होता. पण चार आणि एक वाचता येत.

"ते लोक आकडा घालायला आले तवा मी आत कळा देत हुते," विमल म्हणाली. "गनपती घरात हुता. अक्कांनी दारातनं सांगितलं, आत येऊ नका, बाळंतीन हाय. रंगवाला म्हनाला, आमी दारावरच घालतो. त्याच्या डब्याचा वास आत येत हुता. तेवढ्यात ही झाली. सोयरातच पावती घेतली यांनी. ही तारीख कुनी अंदाजानं घातलेली न्हाई."

"साडेपंधरा," मारुती हळूच म्हणाला, जणू त्याला मुलगी आत्ताच मिळाली होती.

केशरचा चेहरा मात्र उतरला. तिनं मास्तरांचा छापील कागद उचलला, पुन्हा वाचला.

"आई, मग मी बसू शकत न्हाई."

"का?"

"सत्त्याहत्तरला जन्मलेलीच पाहिजेत. वर लिवलंय. मी पंच्याहत्तरची."

बाबुराव मागं टेकले. "बघा," ते म्हणाले, आणि त्यात कडवटपणा नव्हता, थकवा होता. "माजं खोटं बोललो तर लगीन व्हतं. मास्तराचं खोटं बोललो तर परीक्षा व्हती. तुमी खरं काढलं ट्रंकेतनं. काय मिळालं?"

विमलला एवढंच कळत होतं, की आपण एकदा वळून तोंडावर बोललो आहोत आणि आता पुन्हा चुलीकडं तोंड करणं होणार नाही.

"केशर, तुला बसायचंय?"

"व्हय."

"मार्क न्हाईत, बक्षीस न्हाई, नाव बी न्हाई. तरी?"

केशरनं थोडा विचार केला. "रविवारी मला बघायला आले तवा त्यांनी मला चालायला लावलं, केस सोडायला लावलं, सुईत दोरा घालायला लावला. ह्या कागदावर पहिल्यांदा कुनीतरी मला काय येतं ते इचारतंय."

विमलनं तो कागद पाटावर ठेवला. "मग लिव. खाली जागा हाय. शाळेतली तारीख अंदाजाची हाय, खरी ही. त्यांनी बसू न्हाई दिलं तर घरी ये. ठरवू दे त्यांनी. आपून दोन कागदांवर दोन पोरी न्हाई करायच्या."

केशरनं लिहिलं. अक्षर बारीक, सरळ: *शाळेतील तारीख प्रवेशाच्या वेळी अंदाजाने घातली आहे. खरा जन्म ११ सप्टेंबर १९७५. आधार: पाहणीची पावती, घर क्र. ४१.* मारुतीनं हात धुऊन पुसले, पेन अंगठा आणि मधल्या बोटात धरलं आणि सही केली. मग स्टॅम्पपेपर घडी घालून भावाला परत दिला.

"शुक्रवारी मी काय सांगू त्यास्नी?" बाबुरावांनी विचारलं.

"साडेपंधरा म्हनून सांगा," विमल म्हणाली. "थांबायचं असलं तर अडीच वरसं थांबतील. नोकरी कायमची हाय नव्हं?"

बाबुराव उठले. दारात क्षणभर थांबून त्यांनी त्या विटक्या आकड्यावर हात ठेवला. "तुज्या बायकोला बोलता येतं, मारुती," ते म्हणाले. "सतरा वरसं मांजराला सांगत हुती." ते न जेवताच गेले. सावित्री त्यांच्या मागं गेली नाही. ती केशरच्या ताटात जेवायला बसली.

*

दुपारी तीनला विमल स्वतः कागद घेऊन शाळेत गेली. परशू मास्तरांनी वाचला, चष्मा काढला, परत वाचला.

"विमलबाई, हे लिहायची काय गरज होती?"

"खरं हाय."

"खरं असेल हो. पण वीस मुलांत चौदा एक जूनची आहेत. तुमची एक खरी झाली की बाकी तेरा खोटी ठरतात. मी दुसरा कोरा फॉर्म देतो, नुसती सही आणा."

"मी न्यायची न्हाई," विमल म्हणाली. "तुमीच म्हनाला, बदली चालत न्हाई."

मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी कागद इतर एकोणीस कागदांच्या खाली घातला. थोडं थांबले, तो काढून सगळ्यांत वर ठेवला.

गुरुवारी नऊ चाळीसला जीप आली. बाई मध्यम वयाच्या होत्या, मराठी तुटक बोलत, पण समजत सगळं. विमल व्हरांड्याच्या खांबाशी उभी होती. तिला कुणी जा म्हटलं नाही. बाईंनी गठ्ठा चाळला. वरचा कागद त्यांनी दोनदा वाचून बाजूला ठेवला आणि खालचे एकेक बघत गेल्या. मग विचारलं, "सर, तुमच्या भागात एक जूनला काय असतं?"

"शाळा सुरू होते," मास्तर म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मास्तरांनी मान खाली घातली नाही. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, बरंच लिहिलं, आणि केशरचा कागद एका वेगळ्या पाकिटात घालून त्यावर सतरा आकडा टाकला.

"बसू दे तिला," त्या म्हणाल्या. "मोजायचं की नाही ते माझ्या हातात नाही. वर ठरेल."

अकराला घंटा झाली. वीस मुलं एक बाक सोडून एक बसली. विमल चिंचेखाली बसून राहिली. वर्गाच्या खिडकीतून तिला केशरची पाठ दिसत होती. पाऊण तास ती पाठ हलली नाही. मग एकदा मुलीनं डोकं वर केलं, भिंतीकडं पाहिलं, आणि पुन्हा वाकली.

बाराच्या पुढं वीस मिनिटांनी केशर बाहेर आली.

"पान्याचं आलं हुतं?"

"न्हाई. दुसरंच सगळं. एक आगगाडीचं हुतं, एक सावलीचं." तिनं हातातली नवी पेन्सिल आईला दाखवली. "तीन प्रश्न मला आले न्हाईत. ते मी कोरे सोडले. अंदाजानं काय बी न्हाई घातलं."

अडीचला जीप पुस्तिका घेऊन गेली.

शुक्रवारी सकाळी आठच्या गाडीनं बाबुराव खानापूरला गेले आणि संध्याकाळी परत आले. तिथं त्यांनी कोणतं वय सांगितलं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मारुतीनं विचारलं नाही. स्टॅम्पपेपर त्यांच्या दुकानाच्या गल्ल्यात आहे, सहीशिवाय, सावित्रीनं पाहिला. खानापूरहून नकार आलेला नाही, होकारही नाही. अनुसया गुंदला परतताना म्हणाली, मी सासरच्यांना गाठून विचारते. तिचाही अजून निरोप नाही. विमल आता बाबुरावांशी थेट बोलते. तेही तिला थेट उत्तर देतात. पण मधे थोडं थांबून, जणू कुणीतरी निरोप पोचवायचं राहून गेलंय.

चार मार्चला शाळेत बंगळूरहून एक छापील कार्ड आलं. परशू मास्तर ते घेऊन सायकलवरून आले, आणि या वेळी खाली उतरले. कार्डावर दोन ओळी होत्या. मिळालेल्या उत्तरपुस्तिका: २०. ग्राह्य धरलेल्या: आणि त्यापुढची जागा कोरी होती.